युरोपात देशोदेशी फिरताना: रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत?

युरोपची सहल ठरते, मुंबईहून जायची-यायची विमानाची तिकिटं निघतात आणि मग एक प्रश्न अडून बसतो. आतल्या प्रवासासाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेगाड्यांत चालणारा एकच पास, घ्यायचा की प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढायचं? बस, स्वस्तातली विमानं आणि भाड्याची गाडी हे पर्याय आहेतच, पण बहुतेक मराठी घरांत खरा वाद पास आणि तिकीट यांच्यातच असतो, म्हणून इथे भर त्यावर आहे.

माझं मत आधीच सांगतो. पास पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये, बेत बदलण्याची मुभा हवी असेल तर घ्यावा. ही मुभा काही देशांत पुरेपूर मिळते आणि काही देशांत जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे कुठल्या देशांत जायचं हे नक्की होईपर्यंत पासच्या किमती बघण्यात अर्थ नाही.

सीमा ओलांडणं ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या मोझेल नदीकाठच्या छोट्या गावात पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. मार्च १९९५ पासून तो अमलात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमा तर १ जानेवारी २०२५ ला खुल्या झाल्या. एका व्हिसावर लिस्बनपासून टॅलिनपर्यंत जाता येतं. रेल्वे मात्र अजून ज्या-त्या देशाचीच आहे. कंपनी वेगळी, भाड्याची पद्धत वेगळी, अगदी तारांमधला विजेचा दाबही वेगळा: जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्ट, बेल्जियम आणि इटलीच्या जुन्या मार्गांवर ३ हजार, फ्रान्सच्या अतिवेगवान मार्गांवर २५ हजार. स्पेनचे जुने रूळ फ्रान्सच्या रुळांपेक्षा रुंद असल्यामुळे पॅरिसहून बार्सिलोनाला थेट अतिवेगवान गाडी सुरू व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला. पास आणि सुटी तिकिटं हे या तुकड्यातुकड्यांच्या रेल्वेतून वाट काढायचे दोन मार्ग आहेत.

पास कुठे फळतो

युरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. तो मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असतो. ज्या दिवशी प्रवास करायचा तो दिवस आणि गाडी अ‍ॅपमध्ये नोंदवायची, की मध्यरात्रीपर्यंत हव्या तितक्या गाड्या बदला. महिनाभरात कुठलेही सात दिवस प्रवास करता येईल असा दुसऱ्या वर्गाचा पास प्रौढांना साधारण ४०० युरोंच्या आसपास पडतो, म्हणजे प्रवासाच्या दिवसाला ५५ ते ६० युरो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना चांगली सवलत आहे, ६० च्या पुढच्यांना १० टक्के. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास प्रौढासोबत फुकट मिळतो, एका प्रौढामागे दोन मुलं. दोन लहान मुलांचं कुटुंब असेल तर एवढ्या एका गोष्टीने हिशेब फिरू शकतो.

आता एक मार्ग घेऊ: फ्रँकफर्ट, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन. या वाटेवर दिवसाच्या गाड्यांना सहसा आरक्षणाची सक्ती नाही. साल्झबर्गला पाऊस लागला तर दुपारची गाडी सोडून सकाळचीच धरावी, व्हिएन्ना आवडलं तर आणखी एक रात्र राहावं. फलाटावर जायचं आणि गाडीत बसायचं. म्युनिक ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. याच टप्प्यांची तिकिटं ऐन वेळी काढली तर म्युनिक–व्हिएन्नासारख्या एकाच टप्प्याला शंभर युरोंच्या पुढे जावं लागू शकतं. इथे पास खरोखर कामाला येतो. स्वित्झर्लंडमध्येही, कारण तिथली साधी भाडीच महाग आहेत. मात्र युंगफ्राउयोखसारख्या डोंगरी गाड्यांवर पासधारकाला फक्त सवलत मिळते, तिकीट काढावंच लागतं. हे आधी माहीत नसेल तर खर्चाचा अंदाज पार चुकतो.

दुसरा मार्ग घ्या: अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, बार्सिलोना, आणि शेवटी मिलान, फ्लॉरेन्स, रोम. आपल्याकडच्या पहिल्या सहलीचा हाच नेहमीचा मार्ग, आणि पास नेमका इथेच कमी पडतो. अ‍ॅमस्टरडॅम–पॅरिस धावणारी यूरोस्टार, फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाड्या, स्पेन आणि इटलीच्या वेगवान गाड्या या सगळ्यांना आरक्षण सक्तीचं आहे. त्याचे पैसे पासच्या वर द्यावे लागतात आणि यूरोस्टारवर ते तीस युरोंच्या घरात जातात. त्याहून मोठी अडचण म्हणजे काही गाड्यांत पासधारकांसाठी जागाच मोजक्या ठेवलेल्या असतात. गाडीत जागा असते, पण पासवाल्याला मिळत नाही. मग पासने दिलेली मुभा राहिली कुठे? शिवाय स्पेन आणि इटलीत वेगवान गाड्या चालवणाऱ्या एकाहून अधिक कंपन्यांत चढाओढ आहे, त्यामुळे आधी काढलेली सुटी तिकिटं फारच स्वस्त मिळतात. या मार्गावर मी कुणालाही पास घ्यायला सांगणार नाही.

यूरोस्टार टाळायची थोडी पळवाट आहे. ब्रुसेल्स ते अ‍ॅमस्टरडॅम आरक्षणाविना चालणाऱ्या यूरोसिटी गाड्या आहेत, ब्रुसेल्स ते कोलोनला आयसीई ही जर्मन रेल्वेची वेगवान गाडी आहे. वेळ थोडा जास्त लागतो, पण पासची मोकळीक टिकते.

सुटी तिकिटं आणि व्हिसाचा पेच

कागदावर सुटी तिकिटं जिंकतात. जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची आंतरराष्ट्रीय तिकिटं काही महिने आधी काढली तर पासच्या दिवसाच्या खर्चाच्या निम्म्यातही बसतात. पण ती एका ठरावीक गाडीला बांधलेली असतात आणि सर्वांत स्वस्त तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत.

भारतीय पासपोर्टधारकाला याचा फटका वेगळ्याच प्रकारे बसतो, आणि युरोपातल्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत तो क्वचितच सापडतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण उन्हाळी सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळेपर्यंतच आठवडे जातात. म्हणजे स्वस्त तिकिटं मिळण्याच्या काळात व्हिसा हातात नसतो, आणि व्हिसा येतो तेव्हा भाडी चढलेली असतात. व्हिसा येण्याआधी परत न होणारी तिकिटं काढू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. चार जणांच्या कुटुंबाची सगळी तिकिटं बुडाली तर ती रक्कम साधीसुधी नसते. सामान्य दराने घेतलेला आणि अजून सुरू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीच्या काळात घेतलेल्या पासला ही सोय नसू शकते, तेव्हा अटी वाचूनच पैसे भरा. व्हिसा उशिरा येणार असं दिसत असेल, तर केवळ या कारणासाठीही पहिल्या मार्गावर पासकडे झुकणं शहाणपणाचं आहे.

दुसरी गोष्ट उशिराची. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरतात. फार उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्यांना स्वित्झर्लंड सीमेवरच्या बासेल शहराच्या पुढे येऊ देत नाही, प्रवाशांना तिथे गाडी बदलावी लागते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर युरोपीय नियम तुमच्या पाठीशी आहेत: पुढची गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीने पोचवणं ही कंपनीची जबाबदारी, आणि ठरावीक कारणं सोडली तर तासाभराच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के भरपाई. दोन कंपन्यांची दोन तिकिटं असली की हे संरक्षण तुटतं. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी चुकली तर दुसरं तिकीट बुडू शकतं. काही रेल्वे कंपन्यांनी आपसांत समझोता करून अशा प्रवाशाला त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत घेण्याची सोय केली आहे. त्यासाठी उशीर झाल्याची नोंद स्टेशनवर किंवा गाडीतल्या कर्मचाऱ्याकडून लगेच करून घ्यावी लागते. पण ही सोय सगळीकडे नाही. पास असेल आणि आरक्षणाची सक्ती नसेल तर पुढच्या गाडीत बसायचं, विषय संपला.

विमानात मुंबई ते म्युनिक एका तिकिटावर, दोन कंपन्यांच्या विमानांतून जाता येतं. रेल्वेने बर्लिनहून बार्सिलोनाला जायचं तर अनेकदा तीन ठिकाणी शोधावं लागतं. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी जुलै २०२४ मध्ये एकाच ठिकाणी, एकाच तिकिटावर आणि प्रवाशाच्या हक्कांसह अशा प्रवासाची सोय करणारा कायदा आणण्याचं वचन दिलं. हे होणं फार गरजेचं आहे. खुल्या सीमेचा लाभ ज्याला पाच संकेतस्थळं धुंडाळता येतात त्यालाच मिळावा, हे बरोबर नाही.

आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर पास असो वा तिकीट, गाडी बदलायला किमान अर्धा तास ठेवा. वेळापत्रकं सात-आठ मिनिटांतही गाडी बदलायला सांगतात. मोठ्या बॅगा, बंद पडलेली लिफ्ट आणि ऐन वेळी बदललेला फलाट, हे तिन्ही एकत्र आलं की सात मिनिटं पुरत नाहीत. थेट गाडीला वीस युरो जास्त पडत असतील तर ते द्यावेत.

विमान, बस, गाडी

हजार किलोमीटरच्या पुढे, म्हणजे बर्लिन–रोम किंवा पॅरिस–अथेन्ससाठी, विमान घ्या. त्याहून कमी अंतराला तिकिटाची किंमत फसवी असते. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे, आणि मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे.

बस सर्वांत स्वस्त. तरुणांनी जरूर वापरावी, ज्येष्ठांनी रात्रीची टाळावी.

भाड्याची गाडी खेड्यापाड्यांसाठी उत्तम: फ्रान्समधलं आल्सास, इटलीतलं टस्कनी आणि डोलोमाइट्सचे डोंगर. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात गाडी सोडली तर जबर जादा आकार लागतो, म्हणून जिथे घेतली तिथेच परत करा. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि चेकियाच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल परवाना, घ्यावं लागतं, आणि इटलीच्या जुन्या शहरांत मर्यादित वाहतुकीच्या भागात शिरलात तर दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

पास कुणाच्या नावाने, आणि कागद कुठले

मुलगी जर्मनीतल्या आखेनला किंवा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकत असेल आणि तुम्ही पुण्याहून तिच्याकडे जात असाल, तर तुमचा पास युरेलचा आणि तिचा इंटररेलचा, कारण युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी. गाड्या त्याच. फरक असा की ती ज्या देशात राहते तिथे तिचा पास फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला चालतो. ती आखेनला असेल आणि तुम्ही दोघं जर्मनीतच चार शहरं फिरणार असाल तर तिच्यासाठी वेगळा हिशेब मांडा.

शेंगेनच्या आतही पासपोर्ट जवळच ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे साल्झबर्गहून म्युनिकला येताना पोलीस गाडीत चढू शकतात. तिथे शिकणाऱ्या मुलांनी पासपोर्टाबरोबर निवास परवान्याचं कार्डही ठेवावं. आणि पॅरिसहून यूरोस्टारने लंडनला जाऊन परत यायचं असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेलच, शिवाय शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असायला हवा. अर्ज भरतानाच तसा मागा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर लंडनहून पॅरिसला परत येता येणार नाही.