अंगणात एकच झाड बसतंय, आंबा लावू की नारळ?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. नवीन घर झालेलं असतं, बाजूला पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा उरलेला असतो आणि घरात दोन पार्ट्या पडलेल्या असतात, एकीला दारात हापूस पाहिजे आणि दुसरीला रोजच्या भाजीआमटीला घरचा नारळ. मग भांडून भांडून निर्णय फळावर होतो. मला विचाराल तर फळ बाजूला ठेवा, ते बाजारात मिळतं. बघायच्या गोष्टी दोन: तुमच्या अंगणात पाणी कुठे आणि किती मुरतं, आणि झाडाला काही झालं तर त्याच्यापर्यंत हात कोणाचा पोचणार. या दोन बाबतीत ही दोन झाडं एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत, त्यामुळे निवड वाटते तेवढी अवघड नाहीये.

आधी पाणी. नारळाला सुट्टी नसते, साधारण महिन्याला एक नवीन झावळी आणि तिच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा, असं त्याचं बारा महिने चालू असतं, त्यामुळे त्याला पाणीही बारा महिने लागतं. फळावरच्या मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटरच्या आसपास धरून चाला. एखाद्या उन्हाळ्यात टँकरच्या नादात विसरलात तर त्याच वर्षी फार काही दिसत नाही, पण नारळ पिकायलाच जवळजवळ वर्ष लागतं, म्हणून फटका पुढच्या वर्षी, कधीकधी त्याच्याही पुढच्या वर्षी बसतो आणि तोवर आपण खताला दोष देत बसतो. कोकणात मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडायची जुनी पद्धत आहे ती उगीच नाही, घरात माणसं आहेत म्हणजे पाणी आहे, आणि माड ते सगळं पितो.

आंब्याचं उलटं. कलम लहान असताना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, पण झाड फळावर आलं की पाऊस संपल्यावर त्याला ताण बसायला हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तुम्ही प्रेमाने पाणी घालत राहिलात तर झाड मोहरायच्या ऐवजी पालवी फोडतं. "आमच्या आंब्याला मोहरच येत नाही, झाड मात्र छान हिरवंगार आहे" ही तक्रार जिथून येते तिथे जाऊन बघा, शेजारी लॉन असतं आणि लॉनला रोज संध्याकाळी स्प्रिंकलर. फळं वाटाण्याएवढी झाली की मग पंधरा दिवसांनी एकदा पाणी चालतं, काढणीआधी पुन्हा बंद. म्हणजे लॉन, बाथरूमचं पाणी, गळका नळ असलं काही बाजूला असेल तर आंबा त्या कोपऱ्यात लावूच नका, आणि उन्हाळ्यात महिनाभर घर बंद ठेवून गावाला जात असाल तर नारळाचा विचार सोडा. अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होऊन जातो.

आता हात पोचण्याचा मुद्दा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आंब्याला तुम्ही वळण लावू शकता. कलम दोन-तीन फुटांवर शेंडा खुडून तीन-चार फांद्या चारी बाजूला घेतल्या आणि दरवर्षी फळं उतरली की उंच गेलेला शेंडा आणि आतल्या गर्दीतल्या फांद्या काढत गेलात तर झाड बारा-पंधरा फुटांत राहतं, स्टुलावर चढून सगळं दिसतं. नारळाला हे करताच येत नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, तोही पार वरती, तो मेला की झाड संपलं, बाजूने नवीन फुटत नाही. शिवाय नारळाच्या खोडाला झालेली जखम आंब्यासारखी भरून येत नाही, चढायला म्हणून कोयत्याने पाडलेल्या खाचा झाडाला जन्मभर तशाच राहतात. सिंगापुरीसारखी ठेंगणी जात घेतली तर तीन-चार वर्षांत शहाळी लागतात आणि सुरुवातीची बरीच वर्षं जमिनीवरून हात पोचतो, पण बाणवली ही उंच जात लावली तर सहा-सात वर्षं थांबायचं आणि नंतर ती तुमच्या छताच्या वर जाणारच. मग वर चढणारा माणूस लागतो. गोव्यात, सिंधुदुर्गात पाडेली अजून मिळतात, तेही फोनवर फोन केल्यावर, पण पुण्यात किंवा नाशिकला सोसायटीतल्या एका झाडासाठी माणूस शोधणं म्हणजे दिवाळीत रंगारी शोधण्यासारखं आहे. माणूस आला की तो हमखास एक उद्योग करतो, "साफ करून देतो" म्हणत चांगल्या हिरव्या झावळ्याही उतरवतो. ते करू देऊ नका, पूर्ण सुकलेल्या, लोंबणाऱ्या तेवढ्याच काढायच्या, कारण ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो.

भुंग्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण नारळ मरायचं मोठं कारण तेच. दोन आहेत आणि लोक दोघांची गल्लत करतात. गेंड्या भुंगा वरून कोंबात शिरतो, नवीन झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने त्रिकोणी तुकडा कापल्यासारखं दिसतं, हे दिसलं की घाबरायचं नाही पण कामाला लागायचं. तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढायचा, वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरायची, नाहीतर डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू टाकायची. याची पैदास शेणखताच्या आणि कुजक्या कचऱ्याच्या ढिगात होते, त्यामुळे नारळाच्या शेजारीच कंपोस्टचा खड्डा काढणाऱ्यांनी निदान तो वरचेवर उलटापालटा करून पांढऱ्या जाड अळ्या वेचाव्यात. सोंड्या भुंगा वेगळा, तो खोडात आतून पोखरतो, बाहेर फक्त एखादं भोक, त्यातून तपकिरी चिकट रस आणि चावलेला भुसा. लवकर कळलं तर इलाज आहे, शेंडा कलंडल्यावर काही नाही. आता मला सांगा, पस्तीस फुटांवरचं हे सगळं खालून कोणाला दिसणार?

इरिओफाइड कोळी (नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड) आणि पांढरी माशी हे दोन त्रास त्यामानाने नवीन. कोळी आपल्याकडे १९९८ मध्ये केरळात पहिल्यांदा नोंदला गेला, त्याने नारळावर तपकिरी खरखरीत चट्टे पडतात आणि फळ बारीक राहतं, दिसायला वाईट पण झाड मरत नाही. चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूत सापडली, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि खाली उभी केलेली गाडी काळी चिकट होते. उंच झाडावर औषध मारत बसू नका, या माशीवर जगणारे मित्रकीटक असतात, औषधाने आधी ते मरतात. हाताला येणारं झाड असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल बास.

खताचं म्हणाल तर पाच वर्षांवरच्या नारळाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, हे तीन हप्त्यांत विभागून, असा कोकणातला सर्वसाधारण हिशोब आहे. मीठ टाकू का असं सगळे विचारतात. नारळाला क्लोराइड लागतं हे खरंच आहे, पण म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते असतंच, मग मिठाची पिशवी कशाला.

आंब्याचे रोग जास्त आहेत पण ते डोळ्यासमोर असतात. मोहरावर तुडतुडे आणि भुरी, ढगाळ हवा आली की दोन्ही वाढतात. बागायतदार ठरलेल्या वेळापत्रकाने फवारण्या करतात, आपण घराच्या खिडकीला लागून, खाली कपडे वाळत असताना, ते करू नये असं माझं मत आहे. झाड आतून मोकळं ठेवलं, ऊन आणि वारा खेळता राहिला तर घरापुरते आंबे मिळतात. मोहरातली बहुतेक फुलं आणि बारीक कैऱ्या गळतातच, त्यावर टॉनिकच्या बाटल्या विकत घेऊ नका. फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यासाठीच आहे. खोडातून भुसा पडताना दिसला तर खोडकिडा आहे, तारेने अळी काढायची, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा भोकात घालायचा आणि वरून चिखल लिंपायचा. फांदी कापली की जखमेवर बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरी एवढी लागत नाही, १०० ग्रॅम, १०० ग्रॅम, १ लिटर करा, फक्त प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. आणि बांडगूळ! कोकणातल्या अर्ध्या जुन्या आंब्यांवर ते असतं आणि लोक त्याला झाडाचीच हिरवीगार फांदी समजून कौतुक करतात. पानं वेगळी, फुलं नळीसारखी दिसली की ते ज्या फांदीवर आहे ती फांदी थोड्या खालपासून कापायची, नुसतं ओरबाडून उपयोग नाही, पुन्हा फुटतं.

हापूसच पाहिजे असा हट्ट असेल तर दोन गोष्टी मान्य करून लावा, एक वर्ष भरपूर आणि पुढचं वर्ष रिकामं हा त्याचा स्वभाव आहे, आणि साका, म्हणजे बाहेरून सुंदर फळ कापल्यावर आत पांढरट पोकळ गर, हा त्याचा दोष आहे. त्यापेक्षा रत्ना बघा, नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेला, साका नाही आणि दरवर्षी धरतो. जागा फारच कमी असेल तर आम्रपाली, झाड ठेंगणं राहतं. घाटावर, मराठवाड्यात केसर, तिथे लावलेल्या हापूसला रत्नागिरीची चव येईल ही आशा नको.

भिंतीचं काय? नारळाची मुळं तंतूसारखी असतात, पाया उचकटत नाहीत, आठ-दहा फुटांवरही चालतो, पण नारळ आणि झावळी कुठे पडणार ते आधी बघा, गाडी, सोलर पॅनल, शेजाऱ्याचे पत्रे. आंब्याला भिंतीपासून, सेप्टिक टँकपासून पंधरा-वीस फूट तरी द्या. वादळाचा मुद्दा दोघांनाही लागू, जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमध्ये नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि जुने आंबेही मुळासकट उपटले.

आणि लावताना "नाही जमलं तर तोडून टाकू" असं मनात असेल तर शहरात ते सोपं नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गोव्यात तर २०१६ मध्ये माडाला कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, त्यावर एवढी ओरड झाली की २०१७ मध्ये परत आत घेतला.

कोणी म्हणेल मग लिंबू किंवा शेवगा लाव ना. दहा बाय दहाच जागा असेल तर खरंच तेच करा. शेवगा वर्षाच्या आत शेंगा देतो, दरवर्षी कंबरेएवढा छाटला तर ठीक, नाहीतर वाऱ्यात काडकन मोडतो, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा. लिंबाला खोडाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, होतो, म्हणून दुहेरी आळं करायचं, खोडाभोवती मातीची भर आणि पाणी बाहेरच्या गोलात. साबणाचं पाणी त्याला मुळीच नको.

तर माझा कौल असा: किनारपट्टीवर राहता, पाणी बारमाही आहे आणि चढणारा माणूस गावात आहे, तर नारळ. घाटावर आहात, उन्हाळ्यात पाण्याची बोंब आहे, स्वतः कात्री चालवायची हौस आहे, तर आंबा. पाणी भरपूर पण माणूस नाही अशी मधली केस असेल तर ठेंगणा नारळ, पण पंधरा वर्षांनी काय हा प्रश्न तिथेही आहेच.

रोप घेताना नारळाचं ९ ते १२ महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याला जाड असलेलं घ्या, उंच किडकिडीत नको. आंब्याचं कलम असेल तर जोड नीट बघा, जोडाच्या खालून फुटवा आलेला असेल तर तो तिथेच खुडा आणि लावताना जोड मातीच्या वर ठेवा. पिशवी कापून मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर दुसरं मागा, नर्सरीवाला कुरकुर करेल, करू दे.