गाजराची पुंगी: वर्गणीतल्या कन्सोलला पैसे भरावे का?

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. वर एका व्हिडिओची लिंक, खाली एवढंच: "मावशी, भरू का पैसे? उद्या रात्री बारापर्यंत स्वस्तात आहे."

व्हिडिओतला कन्सोल देखणा होता. कडेला लाकडी पट्टी, मंद पिवळा दिवा, तळहातात मावेल असा रिमोट. तीनदा पाहिल्यावर लक्षात आलं, की त्यात एकदाही कुणी गेम सुरू करून दाखवलेला नाही. हसरे चेहरे होते, सोफा होता, पडद्यावरचा उजेड चेहऱ्यांवर पडत होता. पडदा मात्र दिसत नव्हता.

नको म्हणून मोकळं होता आलं असतं. 'बाजारात तुरी' एवढे दोन शब्द पुरले असते, पुढची मारामारी त्याला ठाऊक आहे. पण मी स्वतः अशा वर्गण्या भरल्या आहेत. एकीतून आलेली वस्तू आजही टेबलावर आहे, एकीतून नुसते ईमेल आले. त्यामुळे त्याच्या उत्साहाला हसण्याचा अधिकार मला नाही.

क्राउडफंडिंगला, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच अनेकांकडून पैसे गोळा करण्याला, मी वर्गणीच म्हणते. गणपतीची वर्गणी दिली म्हणून मूर्ती किती फुटांची आणायची ते आपण ठरवत नाही. पावती आपल्याकडे, निर्णय मंडळाकडे. अशा वर्गण्या गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या वेबसाइटनेच सप्टेंबर २०१२ मध्ये 'आम्ही दुकान नाही' असं जाहीर केलं आणि हार्डवेअरच्या प्रकल्पांना संगणकावर रंगवलेली खोटी-खरी चित्रं दाखवायला बंदी केली. तरी पैसे भरताना आपल्या डोक्यात दुकानच असतं.

म्हणून भाच्यासमोर एकाच कुळातली दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली.

एक कूळ, दोन वर्गण्या

झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ सालचा ब्रिटिश घरगुती संगणक. काळा डबा, रबरी बटणं, गेम कॅसेटवरून चढवायचा आणि तो चढेपर्यंत टेपरेकॉर्डरची किंकाळी ऐकत बसायचं. ब्रिटनमधली एक अख्खी पिढी त्यावर प्रोग्रॅमिंग शिकली. आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८०च्या दशकात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला होता, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या काही वाचकांच्या बोटांना ती बटणं आठवत असतील.

या नावावर दोन वर्गण्या निघाल्या. पहिली २०१६ च्या सुरुवातीला, वेगा प्लस नावाच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी, इंडिगोगो या तशाच वेबसाइटवर. दुसरी २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये, स्पेक्ट्रम नेक्स्ट या नव्या संगणकासाठी, किकस्टार्टरवर. पहिलीत ५ लाख १२ हजार पौंडांवर रक्कम जमली, दुसरीत ७ लाख २३ हजारांवर.

आता पैसे भरणाऱ्याच्या जागी बसून बघा. वेगा प्लसच्या बाजूने काय नव्हतं? स्पेक्ट्रमचे जनक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचं नाव होतं. आत १००० गेम देऊ, असं वचन होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्याच कंपनीने वेगा नावाचं टीव्हीला जोडायचं यंत्र आधीच्या वर्गणीतून २०१५ मध्ये खरोखर लोकांच्या घरी पोचवलं होतं. संशय घ्यायचा तरी कशावर? याउलट नेक्स्टची वर्गणी निघाली तेव्हा वेगा प्लसची मुदत उलटून गेली होती, संचालकांची भांडणं चव्हाट्यावर आली होती आणि स्पेक्ट्रमचं नाव काढलं की लोक ताकही फुंकून पीत होते. कागदावर पाहिलं तर पहिली वर्गणी भरवशाची आणि दुसरी धोक्याची.

झालं नेमकं उलट. पहिला वेगा ज्याने घडवला तो अभियंता वर्गणी जमल्यावर थोड्याच काळात कंपनीतून बाहेर पडला. मग तारखा सरकत राहिल्या. २०१८ मध्ये इंडिगोगोने रक्कम परत मिळवण्यासाठी वसुलीवाले मागे लावले. त्याच उन्हाळ्यात मोजक्या लोकांना यंत्र मिळालं, पण त्यात १००० च्या जागी १८ गेम होते आणि बटणं ओबडधोबड होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने कंपनी गुंडाळली. बाकी हजारोंच्या हाती पावती राहिली.

नेक्स्टही वेळेवर आला नाही, हे आधी सांगून टाकते. जानेवारी २०१८ चा वायदा होता, लोकांच्या हाती पडला २०२० च्या सुरुवातीला. बराचसा वेळ कीबोर्डने खाल्ला. मूळ स्पेक्ट्रमचा डबा ज्यांनी आखला होता त्या रिक डिकिन्सन यांनीच नेक्स्टचाही डबा आखला, आणि तो तयार झालेला पाहण्याआधीच एप्रिल २०१८ मध्ये ते वारले. तरीही यंत्र आलं तेव्हा ते उत्तम होतं, इतकं की २०२० मध्ये दुसरी वर्गणी काढली तेव्हा १८ लाख पौंडांवर रक्कम जमली. तीही चिपच्या टंचाईत अडकून उशिरानेच पोचली. पण पोचली.

फरक कुठे होता? उशिरात नव्हता, नावात नव्हता, आधीच्या कामगिरीतही नव्हता. नेक्स्टचा बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, वर्गणीच्या आधीच चालत होता. ब्राझीलमधल्या व्हिक्टर ट्रुको आणि फाबियो बेलावेनुटो या दोन हौशी मंडळींनी टीबीब्लू नावाचा बोर्ड बनवला होता. गेम बनवणारे हेन्रिक ओलिफियर्स यांनी त्याला डबा, कीबोर्ड आणि कंपनीचं रूप द्यायचं मनावर घेतलं. आणि वर्गणीत एक स्वस्त पर्याय होता: नुसता बोर्ड घ्या, डबा तुमचा तुम्ही बघा. ज्यांनी तो घेतला त्यांना डब्याची वाट पाहावी लागली नाही. कीबोर्ड अडून बसला होता तेव्हा हे लोक बोर्डावर गेम लिहीत होते, चुका शोधत होते.

शिवाय त्याच्या आतली चिप एफपीजीए जातीची. साध्या चिपची जोडणी कारखान्यात एकदाच होते, मग ती जन्मभर तशीच. एफपीजीएची आतली जोडणी फाइल चढवून बदलता येते. म्हणजे पार्सल आल्यावर चूक सापडली तरी नवी फाइल येते आणि यंत्र सुधारतं. त्या आराखड्यावर इतरांनीही बोर्ड बनवले. उद्या मूळ मंडळ उठून गेलं तरी यंत्र चालू राहील, आणि त्यासाठी लिहिलेले गेमही.

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. नेक्स्ट गाजराची होती. वेगा प्लसची नव्हती. ती वाजली नाही आणि खाताही आली नाही.

वाजली, पण...

भाचा म्हणाला, "म्हणजे वस्तू येते की नाही एवढंच बघायचं." नाही रे. औया आलीच होती.

जुलै २०१२. ज्युली उर्मन यांनी किकस्टार्टरवर ९९ डॉलरचा, अँड्रॉइडवर चालणारा औया हा कन्सोल मांडला, आकार ईव्ह बेहार यांनी दिलेला, मुठीएवढा चौकोनी ठोकळा. मागितले होते साडेनऊ लाख डॉलर. ती रक्कम पहिल्या दिवशीच, काही तासांत जमली. महिनाभरात ६३ हजारांवर लोकांनी मिळून जवळजवळ ८६ लाख डॉलर दिले. त्या उत्साहाला कारण होतं. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या दारात छोट्या गेमकर्त्याला तेव्हा ताटकळावं लागे. इथे कुणीही गेम टाकावा, अट एकच: काही भाग फुकट खेळून बघता आला पाहिजे.

संशयी मंडळी म्हणत होती, ९९ डॉलरमध्ये यंत्र बनणारच नाही. ते चुकले. यंत्र बनलं, वर्षभरात निघालंही. दुखणं वेगळंच होतं. रिमोटची बटणं पत्र्याखाली अडकत, दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येई. जून २०१३ मध्ये ती दुकानांत त्याच ९९ डॉलरला लागली तेव्हा आधी पैसे भरलेल्यांपैकी काहींच्या घरी पार्सल आलेलं नव्हतं. वर्षभर आधी पैसे देऊन दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं, हा अपमान पैशांपेक्षा जास्त झोंबतो. मुख्य म्हणजे, आत टॉवरफॉलसारखा एखादाच गेम असा होता की त्यासाठी औया घ्यावी, आणि तोही पुढे दुसरीकडे गेला. जुलै २०१५ मध्ये गेमिंगचं सामान बनवणाऱ्या रेझर कंपनीने औयाचं दुकान आणि माणसं घेतली, यंत्र घेतलं नाही. २५ जून २०१९ रोजी गेम पुरवणारे सर्व्हर बंद झाले. विकत घेतलेला पण उतरवून न ठेवलेला गेम गेला. खरेदीची खात्री इंटरनेटवरून करणारे गेमही गेले.

औयावर बाहेरून अ‍ॅप टाकता येत, त्यामुळे ती अगदीच टाकाऊ झाली नाही. पण सर्व्हरवर जीव असलेली वस्तू म्हणजे बासरीचं भोक दुसऱ्याच्या बोटाखाली.

आता अटारी व्हीसीएस, अटारी या जुन्या गेमिंग नावाने निघालेली. हिच्यावर जितकी टिंगल झाली तितकी क्वचित कुणाची झाली असेल, आणि बरीचशी रास्त होती. २०१७ मध्ये नुसतं नाव आणि डबा दाखवला. २०१८ मध्ये इंडिगोगोवर ३० लाख डॉलर जमवले. मग मधेच प्रोसेसर बदलला. २०१९ मध्ये यंत्राचे मुख्य शिल्पकार रॉब वायट थकलेल्या बिलांचं कारण सांगत बाजूला झाले. मी तेव्हा छातीठोक सांगत होते, की हे येत नाही. २०२० च्या अखेरीस आलं. गेमिंगचा कन्सोल म्हणून महाग आणि गेमच्या बाबतीत गरीब. पण त्यात पीसी मोड होता. स्वतःचा एसएसडी (साठवणुकीची डिस्क) लावा, लिनक्स किंवा विंडोज टाका, लाकडी पट्टीचा एक छोटा संगणक तयार. अटारीने उद्या हात वर केले तरी टीव्हीखाली तो चालत राहील. म्हणून, माझी तेव्हाची भाकितं गिळून, मी औयापेक्षा व्हीसीएसला वरचं स्थान देते. उत्साह औयाचा खरा होता, गाजर व्हीसीएसचं.

संशयाची बाजू अगदीच पडती नाही, हे कोलेको कॅमिलियनवरून दिसतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हा कन्सोल चालवून दाखवला. जाणकारांनी वायरी आणि पाठीमागचा भाग पाहून ओळखलं, की आत चक्क निन्टेन्डोचा जुना कन्सोल, सुपर निन्टेन्डो, बसवलाय. मग पारदर्शक डब्याचा फोटो आला, तर आतला बोर्ड संगणकात व्हिडिओ घेणाऱ्या कॅप्चर कार्डाचा निघाला! नाव देणाऱ्या कोलेकोने मार्चमध्ये अंग काढून घेतलं आणि ठरलेली वर्गणी निघालीच नाही. लोकांचे पैसे वाचले ते चिकित्सक नजरेमुळे. इंटेलिव्हिजन अमिको हा कन्सोल मात्र १०-१०-२०२० ही लक्षात राहणारी तारीख देऊन आजतागायत यायचाच आहे. २०२४ मध्ये इंटेलिव्हिजन हे नावच अटारीने विकत घेतलं.

मग भरायचे कुणी?

एखाद्याला फक्त गेम खेळायचे असतील, तर वर्गणीच्या वाटेला जाऊ नये. दुकानातला कन्सोल घ्यावा, नाहीतर जुना घ्यावा. शिवाय परदेशातून पार्सल येतं तेव्हा सीमाशुल्क आपणच भरतो, आणि वस्तू बिघडली तर परत पाठवायचा खर्च वस्तूच्या निम्म्याला जातो. 'स्वस्तात' हा शब्द तिथेच संपतो.

थांबून घेऊ म्हणणाऱ्याचं औया आणि व्हीसीएसच्या बाबतीत काहीच बिघडलं नाही. दोन्ही दुकानात आल्या. नेक्स्टच्या बाबतीत मात्र थांबणारे पस्तावले, कारण तो दुकानात मिळत नाही. वर्गणी निघेल तेव्हाच, नाहीतर जुन्याच्या बाजारात चढ्या भावाने. म्हणजे थोड्या लोकांची, फार जीव लावलेली वस्तू असेल तर घाईला अर्थ आहे. लाखोंनी विकायची स्वप्नं बघणाऱ्या कन्सोलला तुमच्या घाईची गरज आहे, तुम्हाला त्याच्या घाईची नाही.

आणि ज्याला यंत्र उघडून बघायची, त्यावर काहीतरी लिहायची, दोन वर्षं इतर वेड्यांशी गप्पा मारत वाट बघायची हौस आहे, त्याने खुशाल भरावेत. त्याला वाट पाहण्यातही काहीतरी मिळतं. फक्त नियम नीट वाचावेत: किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली नाही तर कार्डातून पैसे जात नाहीत, काही ठिकाणी मात्र, जसं इंडिगोगोवर वर्षानुवर्षं होतं, कमी रक्कम जमली तरी ती उचलायची मुभा प्रकल्पाने घेतलेली असू शकते.

भाच्याला एवढं सांगून म्हटलं, त्यांना दोन प्रश्न विचार. एक, बोर्ड चालू असतानाचा, मधे कुठेही न कापलेला व्हिडिओ आहे का? दोन, तुमचा सर्व्हर बंद पडला तर विकत घेतलेला गेम चालेल का? त्याने त्याच रात्री विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, "लवकरच!" शेजारी रॉकेटचं चित्र. दुसऱ्याचं आलंच नाही.

बारा वाजले. त्याने पैसे भरले नाहीत. सकाळी त्याचा मेसेज: "मावशी, सवलत आठवडाभर वाढवलीये."