फ्रीबीएसडीचा बूट मेनू: कारखान्यातल्या सर्व्हरवर वापरून बघितलेला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लोक तिच्या नेटवर्किंगचं कौतुक करतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्या बूट मेनूवर.

मशीन चालू केलं की मेनू दहा सेकंद थांबतो. एंटर मारलं की नेहमीचं मल्टी यूजर, 2 दाबलं की सिंगल यूजर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा फक्त रूटचा (मुख्य अधिकाऱ्याचा) मोड. बूट ऑप्शन्समध्ये सेफ मोड आणि व्हर्बोज (सगळे संदेश सविस्तर दाखवणारा). सुरू होताना मशीन मध्येच अडकत असेल तर व्हर्बोज लावाच, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठल्या डिव्हाइसपाशी थबकलाय ते पडद्यावर वाचता येतं.

या मेनूची खरी किंमत कळली ती अपग्रेडच्या दिवशी. एका कार्डाचं बाहेरून घेतलेलं, जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल (ड्रायव्हर) नव्या कर्नलवर लोड झालं आणि मशीन पॅनिक होऊन (कर्नल कोसळून) सारखं रीबूट व्हायला लागलं. माल भरून गाडी दारात, बिल निघेना, शेठ पाठीमागे उभे. पण अपग्रेडआधी बीईसीटीएल (bectl) ही कमांड वापरून बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमची परत बूट करता येणारी प्रत, करून ठेवलं होतं. मेनूतून ते निवडलं, मागे येऊन एंटर मारलं. "झालं का ओ?" असं शेठनी विचारेपर्यंत जुन्या सिस्टिमचं लॉगिन समोर होतं.

ही सोय झेडएफएस (ZFS) या फाइल सिस्टिमवरच मिळते. आणि हिशोबाचा डेटाबेस वेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसमधल्या स्वतंत्र भागावर) ठेवा. मूळ मांडणीत /व्हार/डीबी (/var/db) हे फोल्डर एन्व्हायर्नमेंटच्या आतच येतं. डेटा तिथे असेल तर सिस्टिमबरोबर बिलंही मागे जातील.

गोदामातल्या जुन्या मशीनवर यूएफएस (UFS) ही जुनी फाइल सिस्टिम आहे. लाइट जाऊन डिस्क बिघडली की तिथे सिंगल यूजरच कामाला येतं: रूट फाइल सिस्टिम रीड-ओन्ली असते तेव्हाच एफएससीके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायची, मग रीड-राइट माउंट.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. सिंगल यूजर आपणहून पासवर्ड विचारत नाही, म्हणजे कीबोर्डपाशी बसेल तो रूट. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर माणसांची ये-जा असते. /ईटीसी/टीटीवायएस (/etc/ttys) फाइलमध्ये कन्सोलच्या ओळीतलं 'सिक्युअर' काढून 'इनसिक्युअर' करा, मग तो रूटचा पासवर्ड मागतो. इन्स्टॉल केल्या केल्या हे करून टाका.

दहा सेकंद जास्त वाटत असतील तर लोडर डॉट कॉन्फ (/boot/loader.conf) या फाइलमध्ये ऑटोबूट डिले (autoboot_delay) 3 ठेवा. उणे 1 कधीही ठेवू नका, मग मेनूपाशी थांबताच येत नाही.