पळणाऱ्यांचा डेटा घ्यायचाय: मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा?

एक इलेक्ट्रॉनिक्सवाला, एक फिजिओ आणि एक कोच मिळून पळणाऱ्यांवर काही अभ्यास करायचं ठरवत असाल तर हृदयाचे ठोके कशाने मोजायचे यावरच पहिला वाद होणार, आमच्याकडेही झाला. मी त्यातला इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते धरूनच वाचा.

घड्याळाची बाजू कमजोर नाहीये हां. लोक ते घालतात, हाच मोठा मुद्दा. लोकलमध्ये, ऑफिसात, झोपेत पण हातातच असतं, त्यामुळे रात्रीचा रेस्टिंग एचआर (हार्ट रेट, म्हणजे आरामात असतानाचे मिनिटाचे ठोके), झोप वगैरे न मागता मिळतं. पट्टा म्हणजे टी-शर्टच्या आत, छातीच्या खाली, ओला करून लावायचा, आणि शिवाजी पार्कला पहाटे साडेपाचला मुलींनी तो कुठे जाऊन लावायचा? हे आमच्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच मीटिंगला विचारलं. मुली घरनंच लावून येतात, पण प्रत्येकीला एकदा नीट दाखवावं लागतं आणि ते मॅडमनाच करावं लागतं.

मुंबईचा घाम मात्र पट्ट्याच्या बाजूने आहे. त्यातल्या इलेक्ट्रोडला, म्हणजे त्वचेला टेकून सिग्नल घेणाऱ्या भागाला, ओलावाच हवा असतो. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी सुरुवातीला एचआर उगाच उड्या मारतो, थोडं पाणी लावलं आणि घाम सुटला की गप्प बसतो. उलट घामाने घड्याळ मनगटावर सरकतं आणि फटीतनं बाहेरचा उजेड आत शिरतो.

पण माझ्यासाठी प्रश्न सुटला तो केडन्समुळे, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात त्यामुळे. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची हालचाल बघतं. पळताना हात हलतो, प्रत्येक पावलाला सेन्सर आणि रक्त दोन्ही हिंदकळतात, आणि पावलं पडतात मिनिटाला 160 ते 180. जोरात पळताना ठोकेही साधारण तेवढ्याच आकड्यावर जातात, मग घड्याळ कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजत बसतं. मुलगा गप्पा मारत वॉर्मअप करतोय आणि ग्राफवर 172 ची सरळ रेघ! कोच म्हणणार हा रात्री झोपला नाही, फिजिओ म्हणणार पाणी कमी पडलंय, मी म्हणणार अहो ती पावलं आहेत. आणि तिघांपैकी कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, कारण बहुतेक घड्याळं मूळ प्रकाशाचा सिग्नल देतच नाहीत, अ‍ॅपमधनं मिळतो तो त्यांच्या सॉफ्टवेअरने गुळगुळीत केलेला आकडा. 400 मीटरच्या इंटरव्हलला (जोरात पळायचं, मग चालत दम घ्यायचा, असं पुन्हा पुन्हा) तर आकडा वर चढेपर्यंत पोरगा रिकव्हरीला चालत असतो. या एका गोष्टीने आमच्या मीटिंगा इतक्या लांबायच्या की विचारू नका.

पट्टा हृदयाचा विजेचा सिग्नलच पकडतो, दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात देतो. काही बिघडलं तर ते अंतर मध्येच अर्धं किंवा दुप्पट झालेलं दिसतं, फिजिओलाही दिसतं, मग तेवढा तुकडा बाजूला काढून खेळाडूबद्दल बोलता येतं. अर्थात हा काही हॉस्पिटलचा ईसीजी नव्हे, कोणाला धडधडीची तक्रार असेल तर पट्टा काढा आणि डॉक्टरकडे पाठवा.

अजून एक, माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत संमती आणि गोपनीयता दोन्ही आहेत, त्यामुळे डेटा कुठे जातो हा प्रश्न येणारच. घड्याळाचा बहुधा कंपनीच्या सर्व्हरवरनं फिरून येतो. पट्ट्याचा ब्लूटूथने थेट आपल्या फोनवर घेता येतो, फॉर्ममध्ये लिहायलाही सोपं जातं.

तुमचा विषय झोप किंवा महिनोन्महिने चालणारी रिकव्हरी असेल तर खुशाल घड्याळ घ्या, रोज रात्री छातीला पट्टा कोणी बांधणार नाही. दंडावरचा ऑप्टिकल बँड (घड्याळासारखाच प्रकाशाने मोजणारा) हा मधला रस्ता आहे, मनगटापेक्षा बरा वाटला, पण आम्ही फार वापरला नाही. पळण्याचा सेशनच बघायचा असेल तर मी तरी पट्टाच म्हणेन.

घ्याल तेव्हा कापडी पट्टे जास्तीचे घ्या, त्यावर अडकवायचा सेन्सर एकच पुरतो. पळून झालं की सेन्सर काढून ठेवायचा, ओल्या पट्ट्यावर तसाच राहिला तर चालू राहून बॅटरी खातो. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून पंख्याखाली टाका, जुलैत तर नक्कीच, नाहीतर वास आणि पुरळ दोन्ही येतात आणि पोरं काहीतरी कारण काढून तो घरी विसरायला लागतात.