बेस्टची बस आणि प्रवाशांची सभ्यता

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या बेस्टच्या बससेवेचे परीक्षण करताना गाड्यांइतकाच प्रवाशांचाही विचार करावा लागतो, कारण या सेवेचा निम्मा दर्जा त्यांच्या वागण्यावर ठरतो. थांब्यावरची रांग पाहा. तिथे पहारेकरी नसतो, दंडाची भीती नसते, तरीही कामाच्या घाईत असलेली माणसे एकामागोमाग उभी राहतात आणि म्हणूनच एखादे वृद्ध गृहस्थ किंवा कडेवर मूल असलेली बाई धक्काबुक्कीवाचून गाडीत चढू शकते. रांग मोडली, की जागा दांडगटांनाच मिळते. गाडीत शिरल्यावर मात्र हीच शिस्त सैल पडते. पुढे जागा रिकामी असूनही दाराशी घुटमळणाऱ्यांना ‘पुढे सरका’ असे वाहकाने पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि ज्येष्ठांच्या राखीव आसनावर झोपेचे सोंग घेणारा धडधाकट तरुण तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. (सोंग बहुधा उतरण्याच्या थांब्यापर्यंत उत्तम वठते.) मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावणाऱ्यांपुढे वातानुकूलित गाडीचे सुखही फिके पडते. मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आहे. तेवढे सुटे पैसे हातात तयार ठेवले, तर वाहकाचा आणि मागच्यांचा खोळंबा टळतो. एवढे असूनही, दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी शहर पाहण्यासाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवीन.