शीर्षकात आधी काय: लाडकं नाव की वस्तूचं वर्णन?

ऑनलाइन विकायला ठेवलेली क्रोशाची एक पिशवी घ्या. तिच्या नोंदीचं पहिलं शीर्षक: ‘सांजवेळ’. दुसरं: ‘क्रोशाची सुती खांदा पिशवी, मोहरी रंग, आतून अस्तर’.

‘सांजवेळ’ ऐकायला गोड आहे, मान्य. आठ दिवस विणून झाल्यावर वस्तूला नाव ठेवावंसं वाटतंच. बारसंच असतं ते. पण शोधपेटीत ‘सांजवेळ’ टाइप करणार कोण? ज्याला पिशवी हवी तो ‘पिशवी’च लिहितो. शिवाय नुसतं नाव वाचून ही उदबत्ती आहे की ओढणी, तेही कळत नाही.

दुसरं शीर्षक रुक्ष आहे, पण कामाचं. वस्तू काय, कशाची, कोणत्या रंगाची, हे सगळं एका दमात कळतं. क्रमही महत्त्वाचा: मोबाइलवर शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, त्यामुळे ‘पिशवी’ हा शब्द सुरुवातीलाच हवा. एट्सीवर, म्हणजे हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या ऑनलाइन बाजारात, शीर्षकाला 140 अक्षरांची मुभा आहे, म्हणून ती सगळी भरायलाच हवीत असं नाही. ‘पिशवी, बॅग, झोळा, पर्स, भेटवस्तू’ अशी माळ ओवली की माणसाला ते शीर्षक न वाटता वाणसामानाची यादी वाटते. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ही गाळा, ते फोटो सांगेल.

माझं मत सरळ दुसऱ्याच्या बाजूने. ‘सांजवेळ’ टाकवत नसेल तर शेवटी जोडा, किंवा खालच्या वर्णनाची सुरुवात त्यानेच करा. अपवाद एकच: त्या नावाची तुमची वस्तूंची मालिकाच असेल आणि गिऱ्हाईक ते नाव घेऊनच शोधत येत असेल, तर ते नाव खुशाल पुढे ठेवा.