9 इंची भिंत: इंग्लिश बाँड, फ्लेमिश की रॅट ट्रॅप?

9 इंची भिंत म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी जाड भिंत. ती बांधायच्या तीन रीतींची नावं नेहमी कानावर येतात: इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड आणि रॅट ट्रॅप. नकाशावर तिन्हींची रेघ सारखीच दिसते, म्हणून आधी कुणी विचारत नाही. मग गवंड्याच्या हाताला जी सवय असेल तीच बांधणी होते. सवयीची बांधणी वाईटच असते असं नाही, पण घर तुमचं असेल तर निवड तुम्ही केलेली बरी.

पुढचे हिशेब 9 × 4.5 × 3 इंचांच्या विटेचे आहेत, सांध्याची जाडी धरून. विटेची लांब बाजू दर्शनी आली की स्ट्रेचर, आखूड बाजू आली की हेडर. आणि नियम एकच: खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरच्या थराचा उभा सांधा येऊ द्यायचा नाही. सांधे एका रेषेत आले की भार शेजारच्या विटांवर पसरत नाही आणि तडा त्याच रेषेनं वर चढतो.

इंग्लिश बाँडमध्ये एक थर पूर्ण हेडरचा, पुढचा पूर्ण स्ट्रेचरचा. स्ट्रेचरच्या थरात दोन विटा पाठीला पाठ लावून बसतात, त्यांच्यामधून भिंतीच्या लांबीनं एक सांधा जातो. त्याच्या वर आणि खाली सलग हेडर असल्यामुळे तो सांधा प्रत्येक थराला तुटतो. म्हणजे भिंतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत उभी फट कुठंच राहत नाही. ताकदीच्या बाबतीत इंग्लिशचं नाव आहे ते यासाठी.

यात चूक होते ती कोपऱ्यावर. हेडरच्या थरात कोपऱ्याच्या विटेलगत सव्वादोन इंच रुंदीचा उभा तुकडा, म्हणजे क्वीन क्लोजर, बसवावा लागतो. तो नसेल तर पुढची सगळी रांग सरकते आणि सांध्यावर सांधा येतो. हा तुकडा कोपऱ्याच्या विटेच्या आत लागतो, अगदी टोकाला नाही. टोकाला लावलेला तुकडा धक्क्यानं निघून येतो. गवंडी चांगला आहे की नाही हे मी कोपरा बघून ठरवतो, भिंतीचा मधला भाग कुणालाही जमतो.

फ्लेमिशमध्ये एकाच थरात आलटून पालटून एक हेडर, एक स्ट्रेचर. खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मधोमध वरचा हेडर येतो. ही भिंत दिसते देखणी, यात वाद नाही. पण आत डोकावलं तर फरक कळतो. स्ट्रेचर 9 इंच लांब, त्यावरचा हेडर साडेचार इंच. इथंही स्ट्रेचर म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन विटा. त्यामुळे त्यांच्यामधला सांधा हेडरखाली झाकला जातो, पण दोन्ही टोकांना सव्वादोन इंच उघडा राहतो, आणि त्यावर पुन्हा वरच्या थराचा मधला सांधाच येतो. अशा अरुंद उभ्या फटी भिंतीभर राहतात. साध्या घराच्या भिंतीला त्यानं काही होत नाही. भार जास्त असेल तर मात्र मी इंग्लिशच घेईन.

फ्लेमिशला विटा कमी लागतात, हे बरेचदा ऐकू येतं. मोजून बघा. इंग्लिशमध्ये 9 इंच लांबीच्या एका थरात 2 विटा लागतात. फ्लेमिशमध्ये साडेतेरा इंचांत 3 विटा, म्हणजे पुन्हा 9 इंचांत 2. दोन्हीकडे 100 चौरस फुटांना साधारण 1067. बचत होते ती फक्त दर्शनी विटांची: इंग्लिशमध्ये जिथं 9 विटांची तोंडं दिसतात, तिथं फ्लेमिशमध्ये 8. दर्शनी वीट वेगळी आणि महाग आणणार असाल तरच या फरकाला अर्थ आहे. वरून गिलावा होणार असेल तर देखणेपणही झाकलं जाणार आणि मजुरी तेवढी वाढणार. गिलाव्याखाली फ्लेमिश मला तरी पटत नाही.

रॅट ट्रॅप या दोन्हींपेक्षा वेगळी. इथं वीट पसरून न बसवता कडेवर उभी करतात. समोरासमोर दोन स्ट्रेचर, मध्ये पोकळी, मग एक हेडर आरपार, पुन्हा पोकळी. 9 इंची भिंतीतून 3 इंचांच्या दोन विटा वजा केल्या की मध्ये 3 इंच मोकळी जागा राहते. थराची उंची 3 ऐवजी साडेचार इंच होते. एक फूट लांबीच्या थरात 3 विटा लागतात, त्यामुळे 100 चौरस फुटांना 800 पुरतात. सरळ चौथाई बचत, माल (सांध्यातलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) पण कमी. आतली हवा उष्णता अडवते, पोकळीतून उभी सळई किंवा विजेचा पाइप नेता येतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली आणि कमी खर्चाच्या बांधकामाशी तिचं नाव जोडलं गेलं.

मात्र हे सगळं विटेच्या मापावर अवलंबून आहे. 190 × 90 × 90 मिलिमीटरची मॉड्युलर वीट आणली तर? 90 आणि 90 मिळून 180, भिंत 190 ची. पोकळी उरली 10 मिलिमीटर. शिवाय वीट पसरा की कडेवर ठेवा, उंची 90 च. त्या विटेनं रॅट ट्रॅप बांधण्यात काहीच राम नाही. म्हणून आधी टेप घेऊन वीट मोजा. जाडी रुंदीपेक्षा चांगली कमी हवी, आणि दर्शनी भिंतीत विटेवरची खाच पोकळीच्या बाजूला वळवावी लागते.

दुसरी गोष्ट हाताची. एका साइटवर नळासाठी फोडलेली रॅट ट्रॅपची भिंत मी बघितली, तर आत पोकळी कुठली, थापीनं ढकललेला माल गच्च भरलेला. विटा वाचल्या त्या सिमेंटमध्ये गेल्या. माल लावताना पोकळीवर फळी धरायला सांगा, आणि पहिले दोन-तीन थर स्वतः उभं राहून बघा. जोत्यालगतचा थर, दारं-खिडक्यांच्या कडा, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालचा) थर, तुळईचं टोक बसतं ती जागा: इथं भिंत भरीवच हवी. नंतर छिन्नीनं खाचा मारणं या भिंतीला झेपत नाही, पाइप कुठून जाणार ते आधी ठरवा. आणि हेडर आरपार असल्यामुळे त्या जागी ओल आणि उष्णता आत येतेच. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला मी ही भिंत उघडी ठेवणार नाही.

चौथा प्रकारही कधी कधी 9 इंची म्हणून खपवला जातो: साडेचार इंची दोन भिंती शेजारी शेजारी, हेडर एकही नाही. बाहेरून नुसते स्ट्रेचर दिसले तर शंका घ्या. त्या दोन पाती आहेत, भार आला की सुटतात.

मालाच्या बाबतीत तिन्हींना नियम सारखेच. 9 इंची भिंतीला सिमेंट-वाळू 1:6 पुरतं. माल जितका कडक तितकी भिंत पक्की, हा समज चुकीचा आहे. विटेपेक्षा माल कडक झाला की तडा सांध्यातून न जाता विटांमधूनच जातो, आणि तो दुरुस्त करणं अवघड. सांधा 10 मिलिमीटरचा. विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलेल्या हव्यात, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नका आणि निदान 7 दिवस पाणी मारा.

9 इंची भिंतीची एकच बाजू सपाट मिळते. हेडरच्या लांबीत थोडाफार फरक असतोच, तो दुसऱ्या बाजूला बाहेर पडतो. थर सरळ ठेवायची दोरी कोणत्या बाजूनं लावायची हे आधीच सांगा. दर्शनी भिंत असेल तर बाहेरून, गिलावा दोन्हीकडे असेल तर ज्या बाजूला पातळ गिलावा हवा तिकडून. आणि बांधणी कोणतीही ठरवा, माल कालवण्याआधी कोपऱ्यापासून दोन थर कोरडेच मांडून घ्या. क्लोजर कुठं येतो, दाराच्या चौकटीशी किती तुकडा उरतो, ते अर्ध्या तासात समोर दिसतं, आणि विटा उचलून पुन्हा मांडता येतात.